एक छडी, एक नवार

त्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे नाना कितीतरी दिवस जमिनीवर सतरंजी घालून झोपले, आणि त्याचं कारण भूगोल होतं. हे कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, म्हणजे काय? माझी नात तर म्हणाली, आजी, तू काहीपण सांगून राहिली. तेव्हा एकदा नीट लिहूनच काढते.

आम्ही बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, मिलच्या ऑफिसात कारकून. मिलच्या भोंग्याने सकाळ व्हायची, देवळाच्या घंटेने संध्याकाळ, आणि मधला सगळा दिवस खालच्या शेववाल्याच्या कढईचा. त्याचा झारा कढईच्या काठावर आपटला की समजायचं, घाणा उतरला. घराला, अंथरुणांना, माझ्या वेणीलासुद्धा शेवेचा वास यायचा, आणि शाळेतल्या मुली मुद्दाम माझ्यामागे बसून म्हणायच्या की आज लवंगी शेव दिसते. आई पोह्यांवर ओंजळभर शेव आणि वर जिरावण मसाला घालायची. पुण्याकडच्या पाहुण्यांनी ते बघून नाक मुरडलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या बशीत आणखी शेव पडायची. आई बोलत काही नसे, वाढत असे.

या घरात कुसुमआत्या आली ती एक ट्रंक आणि वळकटी घेऊन. ती नानांची धाकटी बहीण. खंडव्याला थोरल्या काकांकडे राहायची, बी.ए., बी.एड. झालेली. आमच्या मुलींच्या मराठी शाळेतल्या भूगोलाच्या बाई लग्न होऊन गेल्या, म्हणून तिला तात्पुरतं घेतलं होतं. दिवाळीनंतर तपासणी व्हायची होती. शिक्षण खात्याचे साहेब येऊन तिचा तास बघणार, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष बघणार, आणि मग तिला कायम करायचं की नाही ते ठरणार. कायम झाली तर ती इंदूरला राहणार. नाही झाली तर परत खंडव्याला, आणि तिथे थोरल्या काकांनी तिच्यासाठी एक स्थळ तयार ठेवलं होतं, बिजवर, जिनिंगवाले, मुलं आत्याच्या खांद्याला लागतील एवढाली. नानांनी मोठ्या भावाला शब्द दिला होता की तपासणीपर्यंत थांबा, मग तुम्ही म्हणाल तसं. एकदा मोरीत भांडी विसळताना आत्या आईला म्हणाली, "वहिनी, खंडव्याला गेले की माझं संपलं." मी दारात उभी होते. ती माझ्या खाटेशेजारी झोपायची, मला तारे दाखवायची, माझ्या वेण्या घालताना केस ओढायची नाही. ती जाणार ही कल्पनाच मला सहन होत नव्हती, आणि त्या दिवसापासून भूगोल हा माझा सगळ्यांत काळजीचा विषय झाला.

आमच्या वर्गात इंदूर शहराचा एक छापील नकाशा टांगलेला होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची एक पट्टी. आधीच्या बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं की प्रमाण म्हणजे नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील अंतर यांचे गुणोत्तर. आम्ही ते आरतीसारखं म्हणायचो. आत्याने पहिल्याच तासाला विचारलं, या पट्टीचं काय करायचं असतं? मग माझी मैत्रीण शोभा उभी राहिली. शोभा उंच, हाडापेराने मोठी आणि कशालाही न घाबरणारी. ती म्हणाली, "काही नाही करायचं, बाई. ती डिझाइन आहे. साडीला काठ असतो ना, तशी." आत्या हसली नाही. तिने मान हलवली, बस म्हणाली, आणि शाळा सुटल्यावर घरापर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. मला वाटलं, गेली खंडव्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उंबऱ्याशी रांगोळी काढत होती. ठिपक्यांचं कासव, रोजचंच, तळहाताएवढं. आत्या चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, दिवाळीला गच्चीवर काढता ते कासव वेगळं का? आई म्हणाली, वेगळं कशाला, हेच. ठिपके लांब लांब टाकले की मोठं होतं, त्यात काय? आत्याने कप तिथेच जिन्यावर ठेवला आणि आईचा रांगोळीने भरलेला हात धरला. "वहिनी, अहो, हेच मी काल मुलींना सांगू शकले नाही." आई म्हणाली, हात सोड, रेघ वाकडी येईल. पण आत्याला आता कोण धरणार? ती पोहे न खाताच शाळेत निघाली, आणि तिच्या मागे धावता धावता माझी चप्पल दोनदा निघाली.

मग सुरू झालं. आत्याने ठरवलं की शाळेच्या अंगणात बडा गणपतीच्या आसपासच्या गल्ल्यांचा नकाशा काढायचा, रांगोळीने, ठिपक्यांवर. पण त्याआधी गल्ल्या मोजायला हव्यात, आणि मोजायला काहीतरी लांब हवं. शाळेत टेप नव्हता. घरी आल्यावर तिची नजर नानांच्या खाटेवर गेली. नवारीची खाट होती, रुंद सुती पट्टीने चांगली घट्ट विणलेली. नाना ऑफिसातून येईपर्यंत खाटेचा नुसता सांगाडा उरला होता आणि अख्खी नवार वेटोळं होऊन माझ्या दप्तराशेजारी बसली होती. नानांनी सांगाड्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि आईला एवढंच विचारलं की सतरंजी कुठे आहे. माझे वडील हे असे होते. त्यांच्यासारखा माणूस मला पुढे भेटला नाही.

शाळा सुटली की आम्ही पोरी नवार घेऊन बाहेर पडायचो. एक टोक शोभाकडे, दुसरं माझ्याकडे. लांबी संपली की खडूने खूण करायची आणि ओरडायचं, "एक नवार!" सायकलवाले थांबायचे, म्हशी थांबायच्या. शेववाला विचारायचा, क्या भिया, सड़क बिक रही है क्या? शोभा त्याला म्हणायची, हां, आपकी दुकान भी नाप में आ गई. मी इंदुरात जन्मले, त्या गल्ल्यांतून रोज हिंडले, पण आमच्या दारापासून देवळापर्यंत किती लांब आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. जी गल्ली भर दुपारी संपता संपत नसे ती भलतीच आखूड निघाली. शाळेत पोचल्यावर ते आकडे सांगायला आमच्यात मारामारी व्हायची.

अंगणात ठिपके टाकताना पहिला घोटाळा झाला. एका नवारीला एक वीत असं ठरलं होतं. निम्म्या मुलींनी शाळेच्या बाजूने सुरुवात केली, निम्म्यांनी देवळाच्या बाजूने, म्हणजे लवकर होईल. मधे येऊन बघतो तर रस्ते जुळेनात. आमची गल्ली थेट एका भिंतीत जाऊन घुसली. शोभाची वीत केवढी आणि माझी केवढी! आत्याला हे आधीच कळलेलं असणार, असं मला आता वाटतं, कारण पुढे मी स्वतः भूगोल शिकवला आणि मुलांना चुकू देण्यातली मजा मला ठाऊक आहे. तेव्हा मात्र आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरल्या. त्या संध्याकाळी आत्याने शाळेने तिला दिलेली मारायची छडी घरी आणली आणि आईच्या विळीवर तिचे वीतभराचे तुकडे केले, सगळे अगदी एकसारखे. आई विळीच्या धारेवरून बरंच बोलली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं: एक छडी म्हणजे एक नवार. छडीचा असा उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसरा घोटाळा मोठा होता, आणि तो फक्त आमच्याच शाळेत होऊ शकला असता. सगळे रस्ते बसले, घरं बसली, आता देऊळ काढायचं. बडा गणपतीची मूर्ती ज्याने पाहिली त्याला सांगायला नको. मान पूर्ण मागे टाकावी तेव्हा कुठे मुकुट दिसतो. आम्ही एकमताने देवळाची जागा परातीएवढी केली, आत शेंदरी रंग भरला, सोंड काढली, मोदकसुद्धा काढला. आत्या लांबून बघत होती. जवळ येऊन तिने विचारलं, आता देवळासमोरून रस्ता कुठून जाणार? रस्ता गणपतीच्या पोटाखाली गेला होता. शोभा म्हणाली, "पण बाई, ते मोठे आहेत ना. नावच बडा आहे." आत्याने आम्हाला शाळेच्या गच्चीवर नेलं आणि खाली बघायला लावलं. रस्त्याने एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. वरून ती बाई दिसतच नव्हती, नुसती गोल टोपली चालली होती. अगदी खाली, भिंतीलगत टेलिफोनचा उंच खांब, वरून बघितला तर रुपयाएवढा. नकाशात उंची मावतच नाही, फक्त बसायला लागते तेवढी जागा मावते. हे मला कोणी सांगितलं नाही, मला दिसलं. आम्ही धडधडत खाली आलो, परात पुसली, आणि छडी लावून देऊळ चार बोटांचं केलं. ते रस्त्याच्या कडेला इतकं चपखल बसलं की आम्ही टाळ्या वाजवल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नकाशा बघायला आल्या. त्या पलासियाला राहायच्या, संस्थानच्या काळातल्या मोठ्या घरातल्या, रोज तांग्यातून यायच्या. त्या वाकल्या, चार बोटांचा चौकोन पाहिला आणि सरळ झाल्या. म्हणाल्या, कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब देवळासमोरच राहतात, रोज पहाटे दर्शनाला जातात. त्यांना हे दिसलं तर काय म्हणतील? देव मोहरीएवढा? उद्या सकाळपर्यंत मोठा करा. जाता जाता हेही म्हणाल्या की तुमच्या कायम होण्याच्या कागदावर अण्णासाहेबांची सही व्हायची आहे, विसरू नका.

त्या संध्याकाळी घरात पिठलं-भात होता आणि कोणी नीट जेवलं नाही. नाना आपल्या सतरंजीवर बसून म्हणाले, कुसुम, देवाला जरा मोठं काढल्याने कोणाचं काय जातं? साहेब जाऊ दे, मग पूस. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांना बहीण इथे हवी होती. मलाही हवी होती. मी म्हणाले, आत्या, काढू या ना मोठा, मी येते सकाळी लवकर. आई ताटं उचलत होती. ती सहज म्हणाली, "एक ठिपका सरकवला तर पुढची सगळी रांगोळी सरकते. तो एकच सरकवून भागत नाही." आत्याने मान वर केली. मग तिने भात मागून घेतला आणि पोटभर जेवली. सकाळी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा देवळाला तिने हात लावला नाही, फक्त फिसकटलेले रस्ते गेरूने पुन्हा ओढून घेतले. मोठ्या बाईंनी फाटकातून चौकोन पाहिला आणि त्यांचा चेहरा आवळला.

साहेब आले. बुटके, हिंदी बोलणारे, सारखा घाम पुसणारे. त्यांच्यामागे अण्णासाहेब, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. आत्याने तास सुरू केला. मुली एकेक पुढे येऊन छडी लावून अंतरं सांगू लागल्या, शाळा ते पाण्याची टाकी, टाकी ते पिठाची गिरणी. साहेबांना मजा वाटू लागली होती. तेवढ्यात अण्णासाहेबांची काठी चार बोटांच्या चौकोनाशी थांबली. "हे आपले गणपती?" ते म्हणाले. "एवढेसे? मास्तरीणबाई, ही काय चेष्टा आहे?" मोठ्या बाई जमिनीकडे बघू लागल्या. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "सांगा कोणीतरी अण्णासाहेबांना."

शोभासुद्धा पुढे येईना. माझे पाय मला न विचारता पुढे गेले. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी बोललेच नाही. मी खडू घेतला आणि देवळाभोवती परातीएवढा गोल काढला, आदल्या वेळी काढला होता तेवढाच, आणि आतलं सगळं हाताने पुसून टाकलं. रस्ता गेला. जिलेबीचं दुकान गेलं. रस्त्यापलीकडची घरं गेली. अण्णासाहेब वाकून बघत होते. म्हणाले, "अगं पोरी, काय पुसून राहिलीस? माझं घर होतं ना तिथे?"

"होतं," मी म्हणाले. "गणपती मोठे केले ना, आता ते तुमच्या घरावर बसलेत."

मग साहेब खो खो हसायला लागले. म्हणाले, "बच्ची ठीक बोल रही है, अण्णाजी. या तो स्केल रख लो, या घर छोड़ दो." अण्णासाहेब त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, माझं घर परत काढ. मी काढलं. छडी लाव, म्हणाले, नीट मोजून. मी लावली. देवळापासून दारापर्यंतचं अंतर त्यांनी माझ्याकडून दोनदा मोजून घेतलं, मग काठीवर भार देत वाकले, घरापासून देवळापर्यंत त्या रांगोळीवरून बोटाने चालत आले, आणि चौकोनापाशी पोचल्यावर त्यांनी हात जोडले. तरीही सही करतो असं ते म्हणाले नाहीत. साहेबही नाहीत. दोघं मोठ्या बाईंबरोबर चहाला ऑफिसात गेले आणि चहा पिऊन निघून गेले. आम्ही अंगणात उभ्याच.

नातीच्या फोनवर आता सगळं इंदूर आहे. दोन बोटांनी ताणलं की मोठं, चिमटलं की लहान, आणि कोपऱ्यातली ती पट्टीही आपोआप बदलते. मी तिला विचारते, आत्ता पट्टी किती दाखवते? ती म्हणते, आजी, लिहिलंय ना, तूच बघ. बरोबर आहे तिचं. पण अंतर हाताखालून, पायाखालून जातं तेव्हा छातीत काय होतं ते त्या पट्टीत नाही, आणि हे मी तिला कसं सांगणार?

तर त्या दिवशी बाकीच्या मुली घरी गेल्या. मी, शोभा आणि आत्या मागे राहिलो. मोठ्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या. आत्या उभी राहिली. मला वाटलं, आता सांगतात. पण त्या नकाशाच्या काठाकाठाने हिंडू लागल्या, चष्मा वर-खाली करत. खूप वेळाने म्हणाल्या, "यात माझं घर कुठे आलं?"

आत्या म्हणाली, पलासिया यात नाही, बाई, ते फार लांब पडतं. मोठ्या बाई म्हणाल्या, लांब म्हणजे किती? आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात धावले, टांगलेल्या नकाशावर देवळापासून पलासियापर्यंत दोरा वळणावळणाने लावला, तो कोपऱ्यातल्या पट्टीवर ठेवला आणि किलोमीटर काढले. नवार आम्ही फूटपट्टीने मोजून ठेवली होती, त्यामुळे एका किलोमीटरात किती नवारी हे आम्हाला पाढ्यासारखं येत होतं. शोभाने आणि मी छडी घेतली आणि मोजायला लागलो. अंगण संपलं. फाटक आलं. मोठ्या बाईंनी स्वतः फाटक उघडलं. आम्ही रस्त्यावर उकिडव्या बसत, एकामागे एक छडी लावत पुढे सरकत होतो, मागे आत्या, तिच्यामागे पदर सावरत मोठ्या बाई. सायकलवाले वळसे घालून जात होते. कोणीतरी म्हणालं, क्या हो रिया है भिया. शेवटी छडी थांबली आणि मी रस्त्याच्या मधोमध खडूचा एक ठिपका काढला.

मोठ्या बाई त्या ठिपक्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी लांबवरच्या शाळेकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं, आणि त्या चक्क हसल्या. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. एक तांगेवाला मागे येऊन थांबला होता, बाईजी, हटो जरा, म्हणत होता. त्या हलल्या नाहीत.

"कुसुमताई," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी छडीला एक नवार नको. तीन करा. म्हणजे माझं घर फाटकाच्या आत येईल."

आत्या म्हणाली, हो बाई. मग ती थबकली. तिच्या ओठांवर ते दोन शब्द आले. पुढच्या वर्षी. मी शोभाचा दंड इतका जोरात धरला की ती ओरडली, आणि आत्या भर रस्त्यात, तांग्यासमोर, मटकन खाली बसली आणि रडता रडता हसू लागली.